मरायला ठेवलेली ओळ

गादमाशी ही पूर्व विदर्भातील धानाची सर्वांत मोठी शत्रू असून तिचा समूळ नायनाट करणे हे या केंद्राचे ध्येय आहे, असं भंडारा रोडवरच्या भात संशोधन केंद्राच्या फाटकावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. फाटकातून आत गेलं की उजव्या हाताला एक जाळीची खोली लागते. तिच्यात हीच गादमाशी वर्षभर पाळलेली असते. नागपूरच्या मे महिन्यात तिच्यासाठी दोन कूलर चालतात. शास्त्रज्ञांच्या खोलीत एक आहे, आणि तो हवेपेक्षा पाणी जास्त फेकतो.

यात विसंगती काही नाही. अमुक धान गादमाशीला दाद देत नाही हे सिद्ध करायचं, तर आधी गादमाशी हवी, ती ठणठणीत हवी आणि तिला भूक हवी. डॉ. अबोली पाध्ये यांनी आठ वर्षं तिच्या तब्येतीची जी काळजी घेतली, ती पाहून त्यांच्या सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, "आमच्या वाट्याला त्या माशीचा जन्म यायला हवा होता."

अबोलीचं काम सांगायला सोपं होतं. एका गावठी, जाड्याभरड्या धानात गादमाशीला न जुमानणारं जनुक होतं. ते जनुक लोकांना आवडणाऱ्या बारीक धानात आणायचं होतं. दोघांचा संकर केला की हजारो रोपं निघतात, त्यातल्या कुठल्या रोपात जनुक उतरलं हे नुसतं पाहून कळत नाही. मग पानाचा तुकडा घ्यायचा आणि मार्कर शोधायचा. हा मार्कर काय प्रकार आहे, हे ती नागपुरातल्या महाल भागातल्या आपल्या नातेवाइकांना असं समजावायची: "आपल्याकडे पत्ता सांगताना कोणी घर सांगतं का? पानठेला सांगतात. पानठेला दिसला की बाजूला घर असणारच. जनुक म्हणजे घर, मार्कर म्हणजे पानठेला." नातेवाइकांना हे लगेच कळायचं. मग ते विचारायचे, की पगार किती.

आठ वर्षांनी तिच्या हातात एक वाण आलं होतं. त्याला क्रमांक एक्केचाळीस एवढंच नाव होतं. ते राज्याच्या चाचणीत जायचं असेल तर दोन गोष्टी लागत होत्या. एक, बाहेरच्या समितीने शेतात येऊन ते पाहावं आणि शिफारस करावी. दोन, डिसेंबरअखेर वाणाचं वीस किलो शुद्ध बियाणं जमा करावं. किलोभर कमी भरलं तरी नोंद रद्द, असा नियम होता, आणि तो पाळला जाणाऱ्या थोड्या नियमांपैकी होता. हे यंदाच व्हायला हवं होतं. मार्चमध्ये प्रकल्प संपत होता आणि केंद्राला आता भरडधान्याचे वेध लागले होते. ज्वारीचं पोस्टर लावायचं म्हणून अबोलीच्या खोलीतली एक भिंत आधीच रिकामी करून घेतलेली होती.

समिती येण्याच्या दिवशी ती सकाळी सातलाच स्कूटरवरून केंद्रात पोचली आणि सरळ शेतावर गेली. धुऱ्यांनी, म्हणजे मातीच्या बांधांनी, घेरलेल्या तिच्या बांधीत चाळीस ओळी होत्या. निम्म्यांत जनुक होतं, निम्म्यांत नव्हतं, आणि मध्ये सतरावी ओळ होती, जिच्यात गादमाशीला सगळ्यात आवडणारं धान लावलेलं होतं. ही ओळ मरायला ठेवलेली असते. गादमाशीची अळी बुंध्यात शिरली की लोंबीऐवजी कांद्याच्या पातीसारखा एक पोकळ चंदेरी पोंगा बाहेर येतो, आणि त्या फुटव्याचं आयुष्य तिथे संपतं. सतरावी ओळ अशी पोंग्यांनी भरली, तर समजायचं की गादमाशी खरोखर आली होती आणि वाचलेली धानं आपल्या कर्तबगारीने वाचली. ती भरली नाही, तर सगळी चाचणीच झाली नाही असं धरतात. गेल्या आठवड्यात सतरावी ओळ उत्तम मरत होती. अबोली तिच्याकडे ज्या समाधानाने पाहायची, ते एखाद्या तिऱ्हाइताला बरं वाटलं नसतं.

आज सतरावी ओळ हिरवीगार होती.

तिने ओळी पुन्हा मोजल्या. मग पलीकडच्या टोकाकडून मोजल्या. शेतात दुसरीकडेही कुठे एक पोंगा दिसेना. चाळीसच्या चाळीस ओळी कॅलेंडरवर छापल्यासारख्या उभ्या होत्या.

शेतावरचे सुपरवायझर शालिकराम हटवार धुऱ्यावर चुन्याची रेघ ओढत होते. इस्त्रीचा शर्ट होता, कपाळाला गंध होतं.

"शालिकभाऊ, सतरा नंबरला काय झालं?"

"चांगली झाली नं आता, मॅडम."

"कशी झाली?"

"नांग्या भरल्या जी."

रोवणीनंतर आठवडाभरात जी रोपं मरतात, त्यांच्या जागी नवे चूड, म्हणजे रोपांची जुडगी, लावायचे, याला नांग्या भरणं म्हणतात. जुलैतलं काम. सप्टेंबरात, धान मांडीला लागलेलं असताना, नांग्या भरल्याचं अबोलीने कधी ऐकलं नव्हतं.

"सप्टेंबरात?"

"साहेबाचं पत्र आलं होतं नं. परिसर हिरवागार दिसला पायजे म्हणे. आता तुमीच सांगा, पाहुणे येऊन राहिले, अन् मधातली ओळ अशी. आपल्या घरी पंगत बसली अन् मधातल्या एका पत्रावळीवर काहीच नाही वाढलं, तं बरं दिसते का?"

"अहो, ती ओळ मरायलाच ठेवली होती."

"मराले कोणी ठेवते का मॅडम," शालिकराम म्हणाले. आवाजात आरोप नव्हता. एवढी शिकलेली बाई असं का बोलते, याची थोडी काळजी होती.

"फक्त सतराच भरली ना?"

"नाही जी. जिथं जिथं बरं नव्हतं दिसत, तिथं तिथं. पाच बाया लावल्या. कालचा दिवस अन् परवाचा."

"कुठल्या कुठल्या ओळी?"

"आता ते कसं सांगू? सगळीकडंच थोडं थोडं."

"आणि नवीन चूड आणले कुठून?"

"पंपहाऊसमागच्या बांधीतले. तुमचंच धान आहे, मॅडम, एक्केचाळीस नंबर. चिखलासकट उचलून आणलं, पत्ताच नाही लागत. निवडून निवडून चांगलं घेतलं."

या सगळ्यात अबोलीला हीच एक दिलासा देणारी गोष्ट वाटली. पंपहाऊसमागे एक्केचाळीसचं शुद्ध बियाणं वाढत होतं. म्हणजे बाहेरून जे आलं त्या प्रत्येक चुडात जनुक होतं, आणि मार्करने ते पकडता येणार होतं. ज्या ओळीत पानठेला असायलाच नको त्या ओळीत तो सापडला, की तिथे कोणीतरी घर हलवलं आहे हे सिद्ध. तिने खिशातल्या पाकिटांत प्रत्येक ओळीतल्या चार-पाच चुडांच्या पानांचे तुकडे भरले. प्रत्येक पाकिटावर ओळीचा आकडा घातला.

"आणि उपटलेलं कुठे टाकलं?"

"उकिरड्यावर."

उकिरडा गोठ्याच्या मागे होता. अबोली पोचली तेव्हा भीमाबाई नावाच्या रोजंदारीवरच्या बाई त्यातलाच एक मोठा भारा डोक्यावर घेऊन फाटकाकडे निघाल्या होत्या.

"भीमाबाई, थांबा. ते खाली ठेवा."

"काहून जी? माह्या गाईले नेऊन राहिली. फेकलेलं तं आहे."

"ते संशोधनाचं आहे."

भीमाबाईंनी भारा उतरवून त्याच्याकडे नीट पाहिलं. "हे? याच्यापरीस चांगलं तं माह्या दारात उगवते." मग थोड्या विचाराने म्हणाल्या, "काल एक भारा नेला होता. तो गाईनं खाल्ला. आता तो कसा वापस आणू?"

"तो राहू द्या."

"गाईले काही होणार तं नाही नं? संशोधनानं?"

"नाही होणार."

उरलेल्या ढिगातून अबोलीने पानं खुडली, पाकिटांत भरली आणि प्रयोगशाळेकडे जाता जाता साहेबांच्या खोलीत शिरली. केंद्रप्रमुख डॉ. मनोहरराव भुसारी तीन शालींमधून अध्यक्षांची शाल कुठली हे ठरवत होते. तिन्ही सारख्याच होत्या, म्हणून वेळ लागत होता.

"सर, सतरावी ओळ हिरवी आहे."

"वा."

"ती मरायला हवी होती, सर."

"मॅडम, पाहुणे दहाला येऊन राहिले. आता ती कशी काय मरेल?"

तिने सगळं सांगितलं. मनोहररावांनी शाल खाली न ठेवता ऐकलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी स्वतः तरुणपणी तीळ या विषयावर पीएच.डी. केली होती आणि त्यानंतर कधी तिळाला त्रास दिला नव्हता.

"हे बघा. सगळं शेत हिरवं आहे. तुमचं वाण कीड न लागणारं आहे. मला तर हे सुसंगत वाटते."

"सर, ज्याला कीड लागते ते धानही हिरवं आहे. म्हणजे कीड आलीच नव्हती, असा अर्थ निघतो."

"मग चांगलंच आहे की. ध्येयच आहे आपलं. पाटीवर लिहिलं आहे."

"मी समितीला खरं सांगणार आहे."

"काय सांगाल? आमच्या माणसाने चाचणीत हात घातला? तसं लिहिलं गेलं तर चाचणी रद्द. नाही सांगितलं, तर निदान शेत तरी सुंदर दिसेल." त्यांनी आवाज उतरवला. "आणि शालिकरामचं काय होईल? पत्र माझ्या सहीचं आहे, ते सोडा. पण हात त्याचे आहेत."

हे तिने हिशेबात धरलं नव्हतं. तिने हातातली पाकिटं मोजली. मग म्हणाली, "सर, तुमचं सादरीकरण थोडं लांबवता येईल का? मला रिपोर्टला दुपार होईल."

"लांबवायचं कशाला," मनोहरराव म्हणाले, "ते लांबच आहे."

प्रयोगशाळेत तंत्रज्ञ दुर्गेश होता. यंत्रांशी तो नम्रपणे वागायचा, माणसांशी जरा कमी. त्याने पाकिटांचा ढीग पाहिला, घड्याळ पाहिलं आणि हातमोजे चढवले.

"दुर्गेश, जेवायच्या आत होईल?"

"मॅडम, मशीनले घाई नाही समजत. तिले तापायचा टाइम, थंडं व्हायचा टाइम, सगळं आपल्या हिशेबानं. माणसासारखं नाही की साहेब आला म्हणून पळत सुटली."

पानं वाटून, डीएनए काढून, नळ्या यंत्रात गेल्या आणि यंत्र एका लयीत गुणगुणायला लागलं. अबोलीला मात्र एका जागी बसवेना. ती खिडकीशी जायची, परत यायची, यंत्राच्या पडद्यावर उरलेली मिनिटं पाहायची, पुन्हा खिडकीशी जायची. समोरच्या सभागृहात हालचाल दिसत होती. समितीच्या गाड्या आल्या, दिवा लागला, तर्री-पोहे आत गेले. अध्यक्ष डॉ. वसंत नेने रत्नागिरीकडचे होते. भातात चाळीस वर्षं घालवलेला, उंच, कमी बोलणारा माणूस. त्यांनी तर्री पूर्ण घेतल्याचं आणि आता ते एकसारखे पाणी पीत असल्याचं कोणीतरी येऊन सांगून गेलं. मनोहररावांचं सादरीकरण सुरू झालं. त्यात केंद्राच्या स्थापनेपासूनच्या सर्व प्रमुखांचे फोटो होते.

"मॅडम, बसा नं एक जागी," दुर्गेश म्हणाला. "तुमाले पाहून माहा हात हालते."

ती बसली. पुन्हा उठली. चाचणी रद्द होणार का, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. सांगितलं तर रद्द, नाही सांगितलं तरी रद्द, आणि दोन्हींच्या मध्ये शालिकराम इस्त्रीचा शर्ट घालून चुन्याची रेघ ओढत होते.

दीडच्या सुमारास दुर्गेशने जेलची पातळ वडी निळ्या दिव्यावर ठेवली. ज्यात मार्कर असतो, त्याच्या खाली एक उजळ रेघ उमटते. शेतातल्या चाळीस ओळींच्या चाळीस रेघा एका रांगेत उमटल्या होत्या. ज्या ओळींत ती रेघ असायलाच नको, तिथेही.

"हे काय आहे मॅडम," दुर्गेश म्हणाला. "ग्रुप फोटोत एकच माणूस चाळीस जागी बसला."

खालच्या अर्ध्या भागात उकिरड्यावरची पानं होती. तिथे काळोख होता. एकाही पानाखाली रेघ नव्हती. फक्त एका ठिकाणी होती.

अबोलीने त्याचा फोटो छापून घेतला आणि तो ओला असतानाच शेताकडे निघाली. जेवणं आटोपून समिती धुऱ्यावर आली होती. शालिकरामांनी चुन्याच्या रेघेवर झेंडूची फुलं टाकली होती. मनोहरराव पुढे होते.

"सर, हे आमचं प्रक्षेत्र. बघा, एक पान पिवळं दिसणार नाही."

नेन्यांनी शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग विचारलं, "यातली मरायची ओळ कुठली?"

मनोहरराव म्हणाले, "सर, आमच्या केंद्रात..." आणि त्यांनी शिपायाला शाली पुढे आणायची खूण केली.

"ती उकिरड्यावर आहे, सर," अबोली म्हणाली.

मग तिने सांगितलं. पत्राचं सांगितलं, नांग्यांचं सांगितलं, आणि शालिकरामांचं नाव न घेता "आम्ही" म्हणाली. शालिकराम पाठीमागून म्हणाले, "मीनंच भरल्या जी. मॅडमले माहीत नव्हतं." मनोहररावांनी संत्र्याची बाग इथून जवळच असल्याचं समितीच्या लक्षात आणून दिलं. समितीच्या लक्षात ते आलं नाही.

नेने उकिरड्याकडे चालू लागले. त्यांच्यामागे समिती, समितीमागे मनोहरराव, त्यांच्यामागे शाली घेतलेला शिपाई. उकिरड्यावर नेन्यांनी चकचकीत बुटांसह पाय ठेवला, उकिडवे बसले आणि एक चूड उचलून त्याचा पोंगा नखाने चिरला. आत गादमाशीचं रिकामं, पारदर्शक कवच होतं. त्यांनी दुसरा चिरला, मग तिसरा. मग ढीग खालीवर करून पोंगे मोजू लागले. बाकीचे सदस्य रुमाल नाकाशी धरून मान हलवत राहिले. केंद्राच्या इतिहासात इतक्या वरिष्ठ माणसाने इतक्या बारकाईने काही पाहिल्याचा हा पहिला प्रसंग होता.

"माशी भरपूर आलेली आहे," नेने म्हणाले. "फोटो द्या."

त्यांनी फोटो उन्हात धरला. "उपटलेल्यांत जनुक नाही. वाचलेल्यांत आहे. तुमच्या मार्करचं आणि या गृहस्थांचं एकमत दिसतंय. हा एक सोडून. हा का उपटला? हा तर चांगला होता."

सगळ्यांनी शालिकरामांकडे पाहिलं.

"त्याच्यावर माहा पाय पडला होता जी."

नेन्यांनी हे मनोभावे ऐकून घेतलं. मग उठले, बूट गवताला पुसले. "मी यंदा पाच केंद्रं पाहिली. पाचही ठिकाणी मरायची ओळ ठणठणीत होती, आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. मेलेली दाखवली तुम्हीच." ते सदस्यांकडे वळले. "कीड होती, याला पुरावा आहे. मार्कर बरोबर आहे, यालाही आहे. चाचणी ग्राह्य धरायला हरकत नसावी. शिफारस करू."

सदस्यांची हरकत नव्हती. त्यांना उकिरड्यावरून खाली यायचं होतं.

अबोलीने फोटो परत घेतला. शालिकराम तिच्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, "झालं नं मॅडम पास?"

"झालं."

"मी म्हटलं होतं, हिरवं बरं दिसते."

शाली दिल्या गेल्या. संत्रा बर्फीचे डबे गाडीत गेले. नेने गाडीत बसता बसता थांबले. "वीस किलो बियाणं डिसेंबरअखेर. शुद्ध हवं, बियाण्याच्या बांधीतलंच. आहे ना तयार होत?"

"पंपहाऊसच्या मागे आहे, सर," मनोहरराव म्हणाले. "दाखवू का? एकदम उत्तम आहे."

"नको. तुमचं उत्तम मी पाहिलं," नेने म्हणाले आणि गाडीचं दार लागलं.

गाडी फाटकातून बाहेर पडली. मनोहरराव हात हलवत राहिले. अबोली हात हलवत नव्हती. ती वळून पंपहाऊसकडे निघाली होती, आधी चालत, मग पळत.

बांधीत पाणी होतं आणि पाण्यात आभाळ स्वच्छ दिसत होतं. एका कडेला, जिथे पंपहाऊसची सावली पडते तिथे, वीतभर कमी वाढलेले चूड शिल्लक होते. शालिकरामांनी ते घेतले नव्हते, कारण ते बरे दिसत नव्हते.

उपटून लावलेलं धान आठवड्याभरात पिवळं पडलं आणि लोंब्या पोटातच राहिल्या. राज्याच्या चाचणीसाठी एक्केचाळीस क्रमांकाची शिफारस झाल्याचं पत्र ऑक्टोबरात आलं, ते मनोहररावांनी फ्रेम करून सभागृहात लावलं. नोव्हेंबरात पंपहाऊसमागची बांधी कापली, झोडली, पाखडली, वाळवली आणि काट्यावर ठेवली.

पावणेतीन किलो भरलं.